जबाबाचं पहिलं वाक्य

“धुक्यापासून सुरू कर,” दादा म्हणाला. “त्या सकाळी धुकं होतं की नव्हतं? होतं. मग तिथूनच सुरू कर.”

तिकीट खिडकीच्या वरच्या खोलीत पाच जण बसले होते आणि खाली धक्क्याला तिन्ही लाँच बांधून पडल्या होत्या. भरदुपारी तिन्ही एकदम उभ्या, असं दादाचे वडील अप्पा गेले त्या दिवसानंतर कधी झालं नव्हतं. नदीच्या पलीकडे अजूनही चार-दोन माणसं सवयीने येत, ‘फेऱ्या बंद’ ही पाटी वाचत, थोडा वेळ पाण्याकडे बघत आणि मग वरच्या अंगाला झालेल्या नव्या पुलाच्या दिशेने चालू लागत. दादा मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसला होता. पण दर पाच मिनिटांनी त्याची मान वळत होती.

दोरवाले मामा जाऊन चार दिवस झाले होते. साडेआठची लाँच धक्क्याला येताना थांबली नाही, आणि दोर घेऊन धक्क्याच्या काठावर उडी मारलेले मामा लाँच आणि दगडी भिंत यांच्यामध्ये सापडले. सुकाणूवर बारक्या होता. बारक्या म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा, बत्तीस वर्षांचा, सहा फूट उंच. नाव मात्र लहानपणी पडलं ते पडलंच. उद्या सकाळी दहा वाजता त्याला चौकशी अधिकाऱ्यापुढे लेखी जबाब द्यायचा होता. म्हणून लेखकाला बोलावणं गेलं होतं.

लेखक म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. घरात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. ‘आमचा लेखक’ असं म्हणत, आणि ते म्हणताना सूर असा असे, की ऐकणाऱ्याला वाटावं या माणसाला काही दुखणं आहे. लाँचवाल्यांच्या घरात जन्मून त्याला पाण्याची भीती होती. वाटणीच्या वेळी त्याने आपल्या हिश्शावर पाणी सोडलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या आणि अठ्ठावीस वर्षं रेडिओसाठी रोजची मालिका लिहिली. शनिवारी तो नवशिक्यांचा वर्ग घ्यायचा. गोष्टीची सुरुवात कशी करावी, हा त्याचा आवडता विषय. “ऐकणारा भांडी घासत असतो, इस्त्री करत असतो,” तो सांगायचा. “तुमच्या पहिल्या वाक्याला त्याचा हात थांबला पाहिजे. आणि एक ध्यानात ठेवा. गोष्ट कुठून सुरू करायची हे ठरवलंत, की दोष कुणाचा हे निम्मं ठरवून मोकळे झालात.”

ही शेवटची गोष्ट त्याने इतक्या वेळा सांगितली होती, की तिचा अर्थ त्याला स्वतःला ऐकू येईनासा झाला होता.

“दादा, आधी याला बोलू दे,” लेखक म्हणाला. “मग धुक्याचं बघू. बारक्या, सांग.”

बारक्या भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. चार दिवसांत त्याने दाढी केली नव्हती.

“गिअर अडकत होता, काका,” तो म्हणाला. “धक्का जवळ आला की लाँच उलट्या गिअरमध्ये टाकायची, म्हणजे ती थांबते. तो उलटा गिअर लागायला उशीर करायचा. अकरा दिवस झाले होते. मी बाबांना सांगितलं—”

“तिथून नाही!” दादाने टेबलावर हात आपटला. “तिथून सुरू केलंस तर उद्या तिथेच संपेल सगळं. परवाना जाईल, ते जाऊ दे. तू आत जाशील. तू सुकाणूवर होतास. गिअर खराब आहे हे माहीत असून माणसं भरून लाँच काढलीस, असं लिहून घेतील ते.”

“काढायला कुणी सांगितली?” आक्काने विचारलं.

आक्का या दोन भावांच्या मधली. इस्पितळात परिचारिका म्हणून तिची उभी हयात गेली होती, आणि त्या सकाळी मामांना आणलं तेव्हा निवृत्त असूनही ती धावत तिथे पोचली होती. आल्यापासून तिने हे पहिलंच वाक्य उच्चारलं होतं.

“मी सांगितली,” दादा म्हणाला. “गर्दीचा हंगाम आहे. लाँच पाण्याबाहेर काढायची म्हणजे तीन दिवस गेले. तीन दिवस लोक पुलावरून गेले की चौथ्या दिवशी इकडे फिरकतात का? तू तुझ्या इस्पितळात बसून—”

“अहो, पुरे,” वहिनी म्हणाल्या. त्या मुलाशेजारी बसल्या होत्या, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून. “भांडण उद्या करा. भाऊजी, तुम्ही लिहा. नऊ वर्षांत याच्या हातून साधं खरचटलं नाही कुणाला, ते लिहा. मामांनी याला पोहायला शिकवलं, हा त्यांना बापाच्या ठिकाणी मानायचा, ते लिहा. हा मुद्दाम काही करेल का?”

“मुद्दाम केलं असं कुणी म्हणतच नाहीये,” आक्का म्हणाली.

“तू गप्प बसशील का जरा?” दादा ओरडला, आणि मग एकदम त्याचा आवाज बसला. त्याने लेखकाकडे पाहिलं. “आजवर तुझ्याकडे काही मागितलं का मी? सांग. अप्पांच्या आजारपणातसुद्धा मागितलं नाही. तू लोकांच्या घराघरांत माणसं रडवलीस. आता आपल्या घरासाठी एक पान लिही.”

लेखकाला खोटं वाटू नये इतका तो सूर खरा होता. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. पन्नाशी उलटून गेलेल्या माणसाला, एका मृत्यूच्या चौथ्या दिवशी, असं बरं वाटणं शोभत नाही. हे त्यालाही कळलं. पण या खोलीत त्याच्या हातातल्या कामाची कुणाला गरज पडेल असं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. लहानपणी याच खोलीतून अप्पा खाली ओरडायचे, “दोर धर!” आणि तो दोर धरायला घाबरायचा.

तेव्हा दोर धरायला मामा यायचे. अठराएक वर्षांचे असतील. फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते धक्क्यावर बसून दोराची वेटोळी घालत, आणि दहा वर्षांचा लेखक त्यांच्या समोर बसून मनाने रचलेल्या गोष्टी सांगत असे. गोष्ट कंटाळवाणी असली की मामांचे हात भराभर चालत. गोष्टीने पकड घेतली की हात थांबत आणि ते म्हणत, “पुढे?” सुरुवात कशी करायची हे लेखक कुठल्या पुस्तकातून शिकला नव्हता. त्या हातांकडे बघून शिकला होता. वर्गातल्या मुलांना त्याने हे कधी सांगितलं नाही.

“धुकं किती वाजेपर्यंत होतं?” त्याने बारक्याला विचारलं.

“सातपर्यंत. नंतर ऊन होतं.”

“मामांची तब्येत?”

“खोकला होता थोडा.”

“धक्का आला तेव्हा तू काय केलंस?”

“इंजिनाचा जोर उतरवला. मग उलटा गिअर टाकला. तो लागलाच नाही.”

“आणि मामा?”

“ते दोर घेऊन पुढे आले. आधीच. हल्ली तसेच यायचे, जरा लवकर. मी हाक मारली.”

लेखकाने खुर्ची टेबलाजवळ ओढली. अर्धा तास तो लिहीत होता. तेवढ्या वेळात वहिनींनी चहा करून आणला आणि तो सगळ्यांसमोर तसाच गार झाला. मग त्याने वाचायला सुरुवात केली. त्याचा आवाज वाचतानाच खरा उमलायचा.

“त्या सकाळी नदीवर असं धुकं उतरलं होतं, की धक्क्यावर उभ्या माणसाला स्वतःच्या हातातला दोर दिसू नये. मी नऊ वर्षं या नदीवर लाँच चालवतो. या नऊ वर्षांत माझ्या लाँचमधल्या एकाही माणसाच्या पावलाला पाणी लागलेलं नाही. मामा माझ्याही आधी धक्क्यावर हजर होते. त्यांना खोकला होता, पण त्यांनी सुट्टी घेतली नाही. त्यांनी ती कधीच घेतली नाही. साडेआठच्या फेरीला एकेचाळीस माणसं होती. धक्का जवळ आला तसा मी इंजिनाचा जोर उतरवला. मामा नेहमीपेक्षा आधी पुढे झाले. मी त्यांना हाक मारली. ती हाक त्यांना ऐकू गेली की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.”

पुढे आणखी अर्धं पान होतं, पण ते कुणी धड ऐकलं नाही. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. दादाने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. वाचून झाल्यावर तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने लेखकाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड होता आणि बराच वेळ तिथे राहिला.

“एकही शब्द खोटा नाही,” दादा म्हणाला.

“नाही,” लेखक म्हणाला.

“अकरा दिवस कुठे गेले?” आक्काने विचारलं.

लेखकाला अगदी नेमकं ठाऊक होतं ते कुठे गेले. ‘जोर उतरवला’ आणि ‘मामा पुढे झाले’ या दोन वाक्यांच्या मध्ये त्याने ते पुरले होते. वर्गात तो हेच शिकवायचा. दोन वाक्यांमध्ये जागा सोडा, ऐकणारा ती आपल्या मनाने भरून काढतो. उद्याचा अधिकारी ती धुक्याने आणि एका म्हाताऱ्याच्या खोकल्याने भरून काढणार होता. धुकं साडेआठला होतं असं कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. आणि बारक्याच्या तोंडचा ‘हल्ली’ हा एक छोटासा शब्द लेखकाने वगळला होता. का वगळला, तर वाक्य त्याच्याशिवाय जास्त चांगलं वाटत होतं.

“काका,” बारक्या खालूनच म्हणाला, “हे सगळं खरं आहे. पण असं झालं नाही.”

“तू सही कर,” दादाने कागद त्याच्यासमोर धरला.

“बाबा—”

“बाळा, कर,” वहिनी म्हणाल्या. “माझ्यासाठी कर.”

बारक्याने सही केली. दादाने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि वरून खिसा चाचपला.

लाकडी जिन्यावर पावलं वाजली. हळू, एकेका पायरीवर थांबत. आक्का उठून दाराकडे गेली आणि मामांच्या बायकोला, मामींना, हाताला धरून आत घेऊन आली.

मामींना या खोलीत येण्याची सवय नव्हती. इतक्या वर्षांत त्या खालीच उभ्या राहून मामांना हाक मारायच्या. वहिनींनी चटकन खुर्ची पुढे केली, पण मामी बसल्या नाहीत. बारक्या उभा राहिला आणि त्यांच्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिला. मामींनीच पुढे होऊन त्याच्या दंडाला हात लावला.

“खाल्लंस का काही?” त्यांनी विचारलं. मग त्या लेखकाकडे वळल्या. “तुम्ही आलाय असं खाली कळलं म्हणून वर आले, लेखकभाऊ. मलाही उद्याचं बोलावणं आहे. काय ते लिहून आणा म्हणाले. मला सहीपुरतं येतं. तुम्ही द्याल का चार ओळी लिहून?”

“मामी, तुम्ही कशाला त्रास घेता?” दादा घाईने म्हणाला. “आम्ही बघतो सगळं. तुम्ही नाही गेलात तरी चालेल.”

“जायला हवं हो. त्यांच्याबद्दल शेवटचं कुणी विचारतंय.” त्या आता बसल्या. “ते रोज लाँचवर तुमची मालिका लावायचे, लेखकभाऊ. म्हणायचे, आपला आहे तो. माझ्यासमोर शिकलाय.”

लेखकाने कोरा कागद घेतला. त्याला मान वर करवेना.

“कुठून सुरू करायचं?” मामींनी विचारलं.

“तुम्हाला आठवतं तिथून,” तो म्हणाला.

मामींनी स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. “त्यांचे तळहात सोलले होते,” त्या म्हणाल्या. “तिथून लिहा. शेवटचे आठ-दहा दिवस. चाळीस वर्षं दोर ओढणारे हात ते. त्यांची कातडी कशी सोलणार? पण घरी यायचे तेव्हा आतून लालभडक असायचे. मी पट्टी बांधायची, ते सकाळी सोडून टाकायचे. म्हणायचे, पट्टीने दोर सटकतो. शेवटी मी भांडले, तेव्हा सांगितलं. गिअर अडकतोय. पोरगं सुकाणूवर घाबरतं, पण बोलून दाखवत नाही. मग मी काय करतो, लाँच लागायच्या आधीच उडी मारतो, दोराचे दोन वेढे खुंट्याला देतो आणि मागे झुकून उभा राहतो. गिअर लागेपर्यंत लाँच दोरावर थांबते. त्याला वाटतं गिअरने थांबली.”

बारक्याचा चेहरा बघवत नव्हता.

“म्हणजे—” तो म्हणाला. “मला वाटायचं, उशिरा का होईना, लागतोय. म्हणून मी काढत होतो लाँच. मला वाटायचं लागतोय.”

“तुला कळू द्यायचं नव्हतं त्यांना,” मामी म्हणाल्या. “म्हणायचे, एकदा भीती बसली की हात कापतो, मग तो लाँच चालवू शकणार नाही. त्या दिवशी पहिला वेढाच बसला नसेल. खोकल्याची उबळ आली असेल, कुणास ठाऊक.” त्या बोलताना दादाकडे पाहत होत्या. काहीतरी आणखी ओठांवर आलं होतं, पण त्या थांबल्या. “एवढंच. आणखी काय सांगू?”

लेखकाच्या डोक्यात त्याचंच वाक्य त्याच्याच आवाजात वाजत होतं. मामा नेहमीपेक्षा आधी पुढे झाले. किती सफाईने लिहिलं होतं त्याने ते. उद्या ते वाक्य ऐकून अधिकारी वही मिटणार होता. म्हातारा माणूस, आजारी, घाई केली, जीव गेला.

“अहो,” वहिनी म्हणाल्या. “तो कागद द्या.”

“कुठला कागद?” दादा म्हणाला.

“खिशातला.”

“वेड लागलंय का तुला? मघाशी तूच त्याला—”

“मघाशी मला हे माहीत नव्हतं.” वहिनींचा आवाज चढला नाही. दादाशी त्या अशा बोललेल्या कुणी ऐकल्या नव्हत्या. “त्या कागदाने हा सुटेल. पण आयुष्यभर रोज सकाळी उठून याच्या तोंडाकडे मला बघायचंय. द्या.”

“तो आत जाईल! आई आहेस ना तू त्याची?”

“म्हणूनच मागतेय.”

“बाबा, मी उद्या ते वाचणार नाही,” बारक्या म्हणाला. “तुम्ही दिलं नाहीत तरी नाही वाचणार. काका, दुसरं लिहा. मी सांगतो तसं. मध्ये काही घालू नका.”

दादाने सगळ्यांकडे पाहिलं. आक्काकडे, बायकोकडे, मुलाकडे. आणि शेवटी लेखकाकडे, जसं एखादा माणूस आपली बाजू घेणारा शेवटचा माणूस शोधतो तसं. लेखकाला मघाचा खांद्यावरचा हात आठवला. त्याने नजर खाली वळवली आणि नवा कागद पुढे ओढला. दादाने खिशातली घडी काढून टेबलावर टाकली आणि तो मटकन खुर्चीत बसला. एका दुपारीत त्याच्या अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं दिसत होतं.

“सांग,” लेखक बारक्याला म्हणाला. “पहिलं वाक्य?”

“लाँचचा उलटा गिअर अकरा दिवसांपासून अडकत होता,” बारक्या म्हणाला. “आणि मला ते माहीत होतं.”

लेखकाने ते तसंच उतरवलं. सुधारावं असं त्यात काही नव्हतं. त्याने इतक्या वर्षांत लिहिलेल्या सगळ्या सुरुवातींपेक्षा हे वाक्य ओबडधोबड होतं.

“अकरा नाही,” दादा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो जमिनीकडे बघत होता.

“सोळा. तू मला सांगायच्या आधी पाच दिवस मामांनी सांगितलं होतं. इथेच, या खोलीत येऊन. म्हणाले, दादा, ही लाँच पाण्याबाहेर काढा, मला तिचं लक्षण ठीक दिसत नाही.”

“बाबा?” बारक्या म्हणाला.

“मग तुम्ही काय म्हणालात त्यांना?” वहिनींनी विचारलं.

खाली एक लाँच दुसरीला घासून करकरत होती.

“म्हटलं, मामा, दोर तुमच्या हातात आहे ना? मग मला कसली काळजी?”

आक्काने डोळे मिटले. लेखकाने पेन टेकवलं होतं, पण ते पुढे सरकेना. मामी मांडीवर हात ठेवून शांत बसल्या होत्या. इतका वेळ त्यांनी जे ओठांत धरून ठेवलं होतं ते आता दुसऱ्या कुणी सांगून टाकल्यामुळे त्यांचा चेहरा सैल झाला होता.

“हो,” त्या म्हणाल्या. “घरी येऊन सांगितलं होतं मला. दादा असं म्हणाले म्हणून.” त्यांनी डोळे पुसले. “फार खूश होते त्या दिवशी.”